चौदा व्होल्टचा भरवसा

नागपुरात बॅटरी मरते मे महिन्यात, पण कळतं डिसेंबरात. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक तापाच्या दिवसांत उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ती आतल्या आत झिजत असते. पाणी उडतं, प्लेटांच्या शिशाच्या जाळीला गंज चढतो. तरीही ती गाडी उचलते, कारण इंजिन ऑइल पातळ झालेलं असतं आणि गरम ॲसिडात रासायनिक क्रियाही जोरात चालते. मग थंडी पडते. २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा ३.५ अंशांवर गेला होता. तसल्या सकाळी ऑइल घट्ट, बॅटरी अशक्त, आणि किल्ली फिरवली की नुसती टकटक. मालक म्हणतो, काल तर बरी होती. धक्का मारून गाडी चालू होते, कोपऱ्यावरचा मिस्त्री मीटर लावतो, चालू इंजिनावर १२.६ व्होल्ट बघतो आणि निकाल देतो, "अल्टरनेटर चार्जिंगच नाही देऊन राहिला, भाऊ."

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी भरणारा जनित्र. पंधरा वर्षांपूर्वीच्या गाडीवर हा निकाल बहुधा बरोबर ठरला असता. आजच्या गाडीत तेवढ्याच आकड्यावर अल्टरनेटर उतरवला, तर चोर सोडून संन्याशाला सुळी होण्याची शक्यता जास्त. अल्टरनेटर बदललाय, बॅटरी बदललीय, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे किती व्होल्ट द्यायचे हे ठरवणारा बदललाय. पूर्वी तो अल्टरनेटरच्या पाठीवर बसलेला एक आयसी, म्हणजे छोटा रेग्युलेटर होता. आता तो इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक आहे, आणि त्याचं धोरण बॅटरीच्या भल्यापुरतं मर्यादित नाही.

अँबेसेडर-फियाटच्या जमान्यात डायनामो होता. थेट डीसी देणारा, आत कम्युटेटर, बाहेर डबीत कटआऊट, म्हणजे बॅटरीची वीज उलट डायनामोत जाऊ न देणारा खटका. लुकासचे ते डायनामो वीस-बावीस अँपिअरच्या घरातले. हेडलाइट आणि वायपर एकदम लावले की सिग्नलवर अँपिअर मीटरचा काटा उणेकडे झुकायचा. सिलिकॉनचे डायोड परवडू लागले तेव्हा अल्टरनेटर आला. क्रायस्लरनं १९६० च्या व्हॅलियंटमध्ये तो कारखान्यातूनच बसवून दिला. त्याची मूळ रचना आजही तीच आहे. मधे फिरणारा रोटर, त्याच्या लोखंडी पंज्यांची दोन अर्धुकं दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशी बसवलेली. पंज्यांच्या पोटात फील्ड कॉइल, तिला वीज पुरवायला दोन स्लिप रिंग आणि त्यांवर घासणारे दोन कार्बन ब्रश. भोवती स्टेटरचं तीन फेजचं वायंडिंग आणि मागं एसीचं डीसी करणारी डायोड प्लेट. सगळी गंमत फील्डच्या तीन-चार अँपिअरमध्ये आहे. तो करंट वाढवला-घटवला की बाहेर पडणारे नव्वद-शंभर अँपिअर वर-खाली होतात.

जुना आयसी हे काम एकाच हट्टानं करायचा: १४.२ ते १४.४ व्होल्ट, बस. गाडी चढावर असो, उतारावर असो, बॅटरी भरलेली असो की रिकामी. त्यामुळे मिस्त्रीचा नियमही सोपा होता. इंजिन चालू, मीटर बॅटरीवर, १३.८ ते १४.७ च्या मधे आकडा आला तर ठीक. कमी असेल तर कार्बन किंवा आयसी बघायचा, जास्त असेल तर आयसी मेला.

हा साधेपणा संपवला तो मायलेजनं. शंभर अँपिअर, चौदा व्होल्ट म्हणजे १.४ किलोवॅट. साध्या अल्टरनेटरची कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तेवढी वीज काढायला इंजिनाकडून सव्वादोन ते अडीच किलोवॅट, सुमारे तीन हॉर्सपॉवर, बेल्टवरून ओढली जाते. छोट्या हॅचबॅकला ही ओढ जाणवते. कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणारे कॅफे नियम आपल्याकडे एप्रिल २०१७ पासून लागू झाले, सरासरी १३० ग्रॅम प्रति किलोमीटरच्या लक्ष्यासह, आणि एप्रिल २०२२ पासून ते ११३ वर आलं. एकेक ग्रॅम वाचवायचा म्हटल्यावर कंपन्यांचं लक्ष अल्टरनेटरकडे गेलं नसतं तरच नवल.

तर आता होतं असं. तुम्ही वर्धा रोडवर ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा इसीयू अल्टरनेटरला जवळजवळ गप्प बसवतो. व्होल्टेज १२.५ च्या आसपास उतरतं, गाडीचा भार बॅटरी घेते आणि इंजिनाची सगळी ताकद चाकांना जाते. छत्रपती चौकाचा लाल सिग्नल दिसला, पाय उचलला, गाडी स्वतःच्या वेगानं पुढं सरकतेय, तेव्हा तोच अल्टरनेटर १४.८-१५ पर्यंत चढतो आणि जी गती नाही तरी ब्रेकमध्ये उष्णता होऊन गेली असती तिच्यातली थोडी बॅटरीत भरतो. त्यासाठी बॅटरीत जागा रिकामी हवी, म्हणून ती मुद्दाम ऐंशी टक्क्यांच्या आसपास ठेवली जाते. काठोकाठ भरलेली बॅटरी हा आता यंत्रणेच्या दृष्टीनं दोषच. आदेश जातो तो एका तारेवरून, कुठे पीडब्ल्यूएमच्या (कमी-जास्त रुंदीच्या विजेच्या) ठोक्यांनी, कुठे लिन बसवर, म्हणजे एका तारेवरून डिजिटल निरोप नेणाऱ्या पद्धतीनं. ही तार तुटली किंवा कनेक्टर सैल झाला तर अल्टरनेटर बंद पडत नाही, १३.५ ते १४.३ च्या दरम्यान आधीच ठरवून दिलेल्या एका व्होल्टेजवर चालत राहतो. फक्त मीटर क्लस्टरवर बॅटरीचा लाल दिवा लागतो.

म्हणून चालू इंजिनावर १२.६ दिसलं की लगेच पाना उचलायचा नाही. तपासायची पद्धत अशी. थंड इंजिन चालू केल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत मीटर बघावा. सेल्फनं (इंजिन फिरवणाऱ्या मोटरनं) खाल्लेलं भरून काढायला बहुतेक गाड्या सुरुवातीला चौदाच्या वर देतात. नंतर आकडा खाली आला तर हेडलाइट अप्पर करावे, ब्लोअर पूर्ण, मागच्या काचेचा डीफॉगर चालू. बऱ्याच गाड्यांत एवढा भार दिसला की इसीयू बचतीचं धोरण सोडून सरळ १४ च्या पुढं जातो. तरीही शंका राहिली तर स्कॅनर लावून दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवायचे: इसीयूनं मागितलेलं व्होल्टेज आणि प्रत्यक्ष मिळालेलं. मागितलं १४.६ आणि मिळालं १२.४, तर अल्टरनेटर किंवा त्याची वायरिंग. मागितलंच १२.६, तर अल्टरनेटर बिचारा सांगितल्या कामाचा आहे. मागणारा तसं का मागतोय ते शोधायचं. मागण्याआधी इसीयू ज्याचं ऐकतो तो असतो बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बसलेला काळा ठोकळा.

त्याला इंटेलिजंट बॅटरी सेन्सर, बोली भाषेत आयबीएस म्हणतात. आत अगदी बारीक रोधाची, साधारण शंभर मायक्रो-ओहमची पट्टी असते. बॅटरीत जाणारा-येणारा प्रत्येक अँपिअर तिच्यातून जातो आणि तिच्यावरच्या व्होल्टेजवरून तो मोजला जातो. सोबत बॅटरीचं व्होल्टेज आणि पोस्टचं तापमान. या तिन्हींवरून बॅटरी किती भरलीय, किती म्हातारी झालीय, गाडी परत उचलेल का, याचा हिशेब मांडला जातो. हिशेब उत्तम आहे, जोवर सगळा करंट त्या पट्टीतून जातो. बाहेर बसवलेला ॲम्प्लिफायर, जादाचे हॉर्न, डॅशकॅम, जीपीएस यांची काळी वायर थेट बॅटरीच्या पोस्टवर आवळली की तेवढा करंट सेन्सरला दिसतच नाही. इसीयूच्या वहीत बॅटरी ७८ टक्के, खरी ५५. असं चार-सहा महिने चाललं की प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि बॅटरी वॉरंटीतच जाते. उपाय फुकटात आहे: ॲक्सेसरीची अर्थिंग सेन्सरच्या पुढं, म्हणजे बॉडीच्या बोल्टवर द्यायची. जंप स्टार्ट करतानाही काळा चिमटा पोस्टवर न लावता इंजिन ब्लॉकवर किंवा बॉडीच्या अर्थ पॉइंटवर लावायचा. टर्मिनल काढताना स्क्रूड्रायव्हर घालून वर उचकटलं तर सेन्सर आतून तडकतो. नट ढिला करून हातानं हलवत काढायचं, बसवताना पाच न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलं की पुरे.

सेन्सर खोटं बोलला तर काय होतं, याचं एक उदाहरण या शहराला चांगलं आठवत असेल. मे २०२४ च्या अखेरीस इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले. देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्यानं सेन्सरमधला बिघाड जाहीर केला. तिथं शंका घ्यायला माणसं होती. बॉनेटखाली इसीयूला तसा शेजार नाही; सेन्सर सांगेल ते तो मुकाट मानतो आणि त्याप्रमाणे चार्जिंग करतो.

आणि तापमान हीच नागपूरची खरी भानगड आहे. लेड-ॲसिड बॅटरीला किती व्होल्टवर भरायचं हे ती किती गरम आहे त्यावर ठरतं. दर अंशाला प्रत्येक सेलमागं तीन ते चार मिलिव्होल्ट कमी करावे लागतात, सहा सेलचे मिळून १८ ते २४. पंचवीस अंशांना १४.४ योग्य असेल, तर साठ अंश गरम झालेल्या बॅटरीला १३.६ ते १३.८ पुरतं. दुपारी दोनला समृद्धीवर शंभर-एकशेवीसनं दोन तास चाललेल्या गाडीत, बॅटरी इंजिनाशेजारी असेल तर साठ अंश ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. तिथं १४.४ चा हट्ट धरला तर भरलेल्या बॅटरीत वीज साठत नाही, पाणी फुटून हायड्रोजन-ऑक्सिजन होतो. मेंटेनन्स फ्री बॅटरीला टोपण नाही, म्हणजे गेलेलं पाणी गेलंच. जुना आयसी तापमानाप्रमाणे थोडं खाली यायचा, पण तो स्वतःचं, अल्टरनेटरचं तापमान बघायचा, बॅटरीचं नव्हे. सेन्सर निदान पोस्टला चिकटून आहे. या एका बाबतीत नवी व्यवस्था नागपूरकरांसाठी नक्कीच सरस आहे, आणि म्हणूनच एक जुगाड मनाला पटत नाही. लिनवाला महाग रेग्युलेटर गेला की त्याजागी साधा १४.४ चा आयसी बसवून देतात. गाडी चालते, ऑटो स्टॉप (सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय) बंद पडतो, एरर कोड राहतो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात बॅटरी उकळून निघते. रेग्युलेटरमध्ये वाचवलेले पैसे बॅटरीत जातात.

उष्णतेचा ठोकताळा सगळ्यांना तोंडपाठ आहे: दहा अंश वाढले की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर. त्यामुळे बॅटरीभोवतीचं काळं आवरण किंवा प्लास्टिकची पेटी "उगाच जागा खाते" म्हणून काढून टाकणारे हात आवरले पाहिजेत. ती पेटी इंजिनाची झळ अडवण्यासाठीच असते.

आता व्हरायटी चौकातला सिग्नल घ्या, मे महिना, रात्री नऊ. ९० अँपिअरचा अल्टरनेटर म्हणजे ९० हे त्याच्या सहा हजार आरपीएमवरचे. इंजिन ७५० वर, पुलीचं गुणोत्तर २.७ च्या आसपास, म्हणजे अल्टरनेटर दोन हजारांवर. त्यातून तो तापलेला. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यांनी वाढतो. पंचवीसचं वायंडिंग सव्वाशे अंशांवर गेलं की रोध जवळजवळ चाळीस टक्के जास्त. तेव्हा हाती येतात पंचेचाळीस-पन्नास अँपिअर. खर्च बघा: रेडिएटर-कंडेन्सरचे दोन्ही पंखे पूर्ण वेगात, वीस-बावीस. ब्लोअर चारवर, पंधरा-सोळा. कॉम्प्रेसरचा क्लच तीन-चार. पेट्रोल पंप, इंजेक्टर, कॉइल, इसीयू मिळून दहा-अकरा. हॅलोजन हेडलाइट आणि मागचे दिवे, अकरा. स्क्रीन आणि गाणी, चार. बेरीज पासष्टच्या पुढं. वीस अँपिअरची तूट बॅटरी भरते, तीन मिनिटांच्या सिग्नलला एक अँपिअर-तास.

या हिशेबात सेल्फ मात्र गरीब निघतो. दोनशे अँपिअर एक सेकंद म्हणजे ०.०५५ अँपिअर-तास. "सेल्फनं बॅटरी उतरते" हे अर्धसत्य आहे. तो झटका मोठा, पण घास लहान. घरापासून शाळा, शाळेपासून भाजी, तिथून परत, सगळं एसी लावून आणि सिग्नलवर उभं राहून, यानं बॅटरी जास्त उतरते. अशा वापराच्या गाडीला आठवड्यातून एकदा बाहेरच्या रस्त्यावर पाऊण-एक तास सलग चालवणं किंवा महिन्यातून एकदा चांगल्या स्मार्ट चार्जरवर रात्रभर लावणं, यापैकी एक हवंच. चार्जर लावतानाही काळा चिमटा बॉडीवर, म्हणजे सेन्सरला ती भर दिसते.

कमी वेगात जास्त वीज हवी म्हणून अल्टरनेटरच्या पोटातही बदल झाले. गोल तारेच्या गुंडाळ्यांऐवजी चौकोनी तांब्याच्या पट्ट्या हेअरपिनसारख्या वाकवून खाचांत ठोकायच्या आणि टोकं वेल्ड करायची. त्याच खाचेत तांबं जास्त मावतं, रोध घटतो, आकार लहान राहतो. असा स्टेटर जळला की आपल्याकडचा रिवायंडिंगवाला हात जोडतो. तो गुंडाळून देण्यातला प्रकार नाही, अख्खाच बदलायचा. डायोडचंही तसंच. करंटच्या वाटेत कायम दोन डायोड, प्रत्येकात नऊ दशांश व्होल्टच्या आसपास घट. शंभर अँपिअरला १८० वॅट निव्वळ उष्णता. त्याजागी महागड्या अल्टरनेटरांत मॉसफेट, म्हणजे कमी घट करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच आले, आणि कार्यक्षमता पंचाहत्तरच्या पुढं गेली.

बिघाडांकडे वळायचं तर सगळ्यात दुर्लक्षित आहे तो अर्थिंगचा. इंजिन ते बॉडी जाणारी तांब्याची विणलेली पट्टी बघा. पाच-सहा पावसाळे काढलेल्या गाडीत तिच्या थिंबलपाशी, म्हणजे टोकाच्या कड्यापाशी हिरवट थर असतो, आत अर्ध्या तारा तुटलेल्या, बोल्टखाली रंग आणि गंज. डोळ्याला पट्टी जागेवर दिसते, रोध मीटरनं मोजला तर शून्य दाखवते, कारण मीटर एवढासा करंट सोडतो की एक धड तारही पुरते. तिला भाराखालीच तपासावं लागतं. इंजिन दीड-दोन हजारांवर, एसी, ब्लोअर, अप्पर सगळं चालू. मीटर डीसी वीस व्होल्टवर. एक टोक अल्टरनेटरच्या मागच्या बी-प्लस बोल्टवर (वीज जिथून बाहेर पडते तिथं), दुसरं बॅटरीच्या प्लस पोस्टवर, थिंबलवर नव्हे, शिशाच्या पोस्टवरच. आकडा ०.२ च्या आत हवा. मग एक टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर, खरवडलेल्या जागी, दुसरं बॅटरीच्या मायनस पोस्टवर. इथं ०.१ च्या आत. उणे चिन्ह आलं तरी आकडाच बघायचा.

समजा ०.६ आला. साठ अँपिअर वाहत असतील तर त्या सांध्यात ३६ वॅट जळतायत; हात लावला तर चटका बसेल. जुन्या गाडीत अल्टरनेटर स्वतःपाशी १४.४ मोजून समाधानी आणि बॅटरीला मिळतात १३.८, त्यामुळे बॅटरी हळूहळू उपाशी. नव्या काही गाड्यांत उलटी गंमत होते. बॅटरीपाशी व्होल्टेज कमी पडतंय हे सेन्सर सांगतो, इसीयू मागणी वाढवतो, अल्टरनेटर जास्त राबतो आणि बॅटरी ठीक राहते. दोष झाकला जातो. बळी जातो अल्टरनेटरचा, आणि नवा बसवला तरी वर्षाभरात तोही जातो. अल्टरनेटर बदलायच्या आधी पट्टी, थिंबल आणि मेगा फ्यूजचे बोल्ट साफ करणं एवढ्यासाठी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवावी, कोरडं करावं, घट्ट आवळावं आणि मग व्हॅसलीन लावावं. आधी व्हॅसलीन आणि मग टर्मिनल हा क्रम गॅरेजांत सर्रास दिसतो. तो उलटा आहे.

डायोड गेल्याची खूण निराळी. रेडिओत शिट्टी, जी ॲक्सिलरेटरबरोबर चढते. आयडलिंगवर हेडलाइटची थरथर. मीटर एसी व्होल्टवर ठेवून भाराखाली बॅटरीवर मोजलं तर ०.१ पर्यंत ठीक, ०.५ च्या वर गेलं तर एखादा डायोड उघडा पडलाय. डायोड गळका असेल तर दिवसा चार्जिंग होतं आणि रात्री तीच वाट उलट चालते. गाडी थंड होऊनही अल्टरनेटर कोमट लागला तर ओळखावं. क्लॅम्प मीटर बी-प्लसच्या वायरवर लावला, इंजिन बंद, की चोर सापडतो.

कार्बन नवे असताना दहा-बारा मिलिमीटर बाहेर असतात, पाचच्या खाली गेले की बदलायचे. ते लवकर झिजण्याचं इथलं मोठं कारण म्हणजे धूळ आणि त्यात मिसळलेलं तेल. जुन्या कित्येक डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच जोडलेला असतो. त्याचं ऑइल सील गळलं की कार्बनची भुकटी आणि तेल यांचा काळा चिखल स्लिप रिंगवर बसतो. सील न बदलता नुसते कार्बन टाकले तर पालथ्या घड्यावर पाणी. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा थेट अल्टरनेटरवर मारू देऊ नये, आणि इंजिन चकाकायला मारतात तो सिलिकॉनचा स्प्रे तर मुळीच नको.

पुलीकडेही बघावं. आजच्या बऱ्याच अल्टरनेटरची पुली एकाच दिशेनं पकडते, दुसऱ्या दिशेनं मोकळी फिरते, म्हणजे इंजिनाचे झटके बेल्टवर येत नाहीत. ती जाम झाली की बेल्ट फडफडतो, टेन्शनर खडखडतो. तिच्याऐवजी स्वस्तातली ठोस पुली बसवली की आवाज तात्पुरता जातो आणि पुढं बेल्ट-टेन्शनर दोन्ही जातात.

एक खोड मात्र ताबडतोब सुटायला हवी. चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढून "गाडी चालू राहिली म्हणजे अल्टरनेटर ओके" अशी परीक्षा अजूनही घेतली जाते. बॅटरी ही मोठी झटकाशोषक असते. भरात चार्ज होत असताना ती एकदम सुटली की फील्डमधलं चुंबकत्व विझेपर्यंत व्होल्टेज उसळतं. बाराच्या यंत्रणेत ते ऐंशी-शंभर व्होल्टला पोचू शकतं, आणि ही उसळी सेकंदाच्या दहाव्या भागापासून अर्ध्या सेकंदापर्यंत टिकू शकते. नव्या अल्टरनेटरांचे डायोड ही उसळी पस्तीसच्या आसपास कापतात, पण एअरबॅग मॉड्युलपासून स्क्रीनपर्यंत डझनभर कंट्रोलरांवर तो जुगार कशाला खेळायचा?

बॅटरी बदलताना चूक होते ती प्रकारात. ऑटो स्टॉपच्या गाडीला कंपनीनं ईएफबी किंवा एजीएम दिलेली असते. ईएफबी ही साधीच बॅटरी, पण प्लेटांवर जाळीचं अस्तर असलेली, वारंवार अर्धवट उतरणं-भरणं सोसणारी. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या लोकरीत शोषलेलं. ईएफबीच्या जागी साधी बसवली की पाच-सहा हजार वाचल्यासारखे वाटतात, आणि ऐंशी टक्क्यांच्या राहणीत ती वर्ष-दीड वर्षात पांढरी पडते. ईएफबीऐवजी एजीएम चालते, एजीएमऐवजी ईएफबी नाही. पण एजीएमला गरमी सोसत नाही, म्हणून ती बहुधा डिकीत किंवा सीटखाली असते. तिची गॅस बाहेर नेणारी बारीक नळी परत जोडायला विसरू नये. काही जर्मन गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरनं करावी लागते, नाहीतर इसीयू नवीलाही म्हातारी समजून भरत राहतो. इतरांत गाडी लॉक करून रात्रभर उभी ठेवली की सेन्सर नवा हिशेब सुरू करतो. उन्हाळा नसतानाही ऑटो स्टॉप बरेच दिवस काम करत नसेल, तर ती बॅटरी थकल्याची पहिली सूचना समजावी; लोड टेस्टरवर निम्म्या सीसीएचा (बॅटरीवर छापलेल्या थंडीतल्या सेल्फच्या अँपिअरचा) भार पंधरा सेकंद दिला तर व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये.

उभ्या गाडीचा खर्चही मोजावा. ३० ते ५० मिलिअँपिअर चालतं. पन्नासनं दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे ३५ च्या बॅटरीतून दिवाळीच्या दहा दिवसांत एक तृतीयांश साफ. सतत चालणारा डॅशकॅम तीनशेच्या घरात असेल तर पाच दिवस पुरे. मोजताना बॉनेटचं आणि दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं मिटवून गाडी लॉक करायची आणि अर्धा-पाऊण तास थांबायचं. मॉड्युल झोपल्याशिवाय येणारा आकडा खोटा.

याच्या पुढची पायरी म्हणजे अल्टरनेटरनंच सेल्फचं काम करणं. मारुतीनं २०१५ मध्ये सियाझ डिझेलला असा अल्टरनेटर दिला, २०१८ च्या पेट्रोल सियाझमध्ये जोडीला छोटी लिथियम बॅटरी आली. एमजी हेक्टरच्या हायब्रिडनं २०१९ ला ४८ व्होल्ट आणले: तेवढ्याच ताकदीला करंट पाव, त्याच वायरीतला तोटा सोळावा भाग, आणि तरीही स्पर्शाला धोकादायक मानल्या जाणाऱ्या साठ व्होल्ट डीसीच्या आत. टेस्लानं २०२३ च्या सायबरट्रकमध्ये तर बहुतेक लहान-सहान वायरिंगच ४८ वर नेली.

ईव्हीत अल्टरनेटर नाहीच. मोठ्या बॅटरीच्या तीन-चारशे व्होल्टमधून डीसी-डीसी कन्व्हर्टर चौदाच्या आसपास देतो आणि बहुतेक गाड्यांत तीच जुनी बारा व्होल्टची लेड-ॲसिड भरतो. ती मेली तर मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर (तिला जोडणारे मोठे विजेचे खटके) ओढले जात नाहीत, आणि पोटात तीस-चाळीस युनिट वीज असूनही दार उघडत नाही. म्हणून किल्लीतलं धातूचं पातं कुठं लागतं आणि बॉनेटचा हाताचा खटका कुठं आहे, हे आधीच बघून ठेवावं. बाहेरून जंप देताना सेल्फसारखा झटका लागत नाही. कॉन्टॅक्टर लागेपुरते थोडे अँपिअर मिळाले की पुढचं कन्व्हर्टर सांभाळतो, एखाद्या लिथियम जंप पॅकनंही भागतं. उलट बाजूनं मात्र, म्हणजे ईव्हीवरून शेजाऱ्याच्या डिझेल गाडीला जंप द्यायला बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकांत मनाई असते. दोनशे अँपिअरचा झटका सोसायला ना ती छोटी बॅटरी बनवलेली असते, ना दीड-दोन किलोवॅटचा कन्व्हर्टर.